पेंग्विन, हत्ती, खेकडा: ओपन सोर्सच्या लोगोंमधले प्राणी आणि त्यांचा खरा अर्थ

प्रश्न असा आहे: ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या (ज्याचा कोड कोणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो) लोगोंमध्ये इतके प्राणी का दिसतात, त्यामागे ठरवून दिलेला काही अर्थ असतो का, आणि स्वतःच्या प्रकल्पासाठी प्राणी निवडायचा असेल तर काय बघावं?

अर्थ बहुतेक वेळा मागाहून चिकटतो. सुरुवात नावातल्या खेळातून होते, तंत्राच्या एखाद्या गुणातून होते, पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून होते किंवा कोणाच्या तरी साध्या आवडीतून. पुढे तो प्राणी लोकांचा होतो की कंपनीच्या कागदपत्रांत अडकून पडतो, हे मात्र एकाच गोष्टीवर ठरतं: ते चित्र पुन्हा काढायचा, बदलायचा आणि छापायचा हक्क कोणाला आहे. खालची सगळी उदाहरणं या नजरेने वाचा.

लिनक्सच्या पेंग्विनपासूनच बघू. १९९६ मध्ये कर्नलसाठी, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासाठी, चिन्ह हवं अशी चर्चा चालू होती. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांना पेंग्विन आवडायचे. कॅनबेराच्या प्राणिसंग्रहालयात एका छोट्या पेंग्विनने चावल्याची गोष्ट त्यांनीच सांगितली आहे. त्यांना हवा होता तो पोटभर खाऊन सुस्त बसलेला, समाधानी पेंग्विन. पृथ्वी उचलून धरणारा पिळदार वीर त्यांना नको होता. लॅरी युइंग यांनी तो गिम्प ०.५४ हा चित्रं काढायचा प्रोग्राम वापरून काढला, म्हणजे चित्राचं साधनही मुक्त सॉफ्टवेअरच होतं. ‘टक्स’ हे नाव जेम्स ह्यूज यांनी सुचवलं: टोरवाल्ड्स आणि युनिक्स ही जुनी संगणक प्रणाली यांची जोड, शिवाय पेंग्विनचा टक्सिडो आहेच. थंड प्रदेशातला चिवट पक्षी म्हणजे स्थिर प्रणाली, असं स्पष्टीकरण आज अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. ते मागाहून आलेलं आहे.

टक्स जगभर पसरला तो युइंग यांच्या परवानगीच्या एका ओळीमुळे. चित्र वापरा, बदला. कोणी विचारलं तर माझं आणि गिम्पचं नाव सांगा, एवढीच अट. म्हणून त्याला चिलखत घालता आलं, चष्मा लावता आला, लहान मुलांच्या खेळाचा नायक करता आलं. २००९ मध्ये कर्नल २.६.२९ साठी तर बूट लोगोतून (संगणक सुरू होताना दिसणाऱ्या चित्रातून) टक्सला थोडे दिवस रजा देऊन टझ आणला होता. हा टास्मानियन डेव्हिल, चेहऱ्यावर पेंग्विनची नकली चोच बांधलेला. टास्मानियात त्या प्राण्यांमध्ये पसरलेल्या चेहऱ्याच्या कर्करोगाकडे लक्ष वेधायचं होतं. ‘लिनक्स’ हा शब्द मात्र टोरवाल्ड्स यांचा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. चित्राचा कॉपीराइट एकाकडे, नावाचा ट्रेडमार्क दुसऱ्याकडे, आणि दोन्हींचे नियम वेगळे. ही विभागणी नीट समजली की पुढची निम्मी भांडणं आपोआप उलगडतात.

प्राणी येण्याचा सगळ्यात मोठा रस्ता नावातला खेळ. मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प १९८३ मध्ये जाहीर झाला. नाव म्हणजे ‘ग्नू इज नॉट युनिक्स’ असं स्वतःतच फिरत राहणारं लघुरूप, आणि ग्नू हा आफ्रिकेतला प्राणी, त्यामुळे एतिएन सुवासा यांनी त्याचं डोकं रेखाटलं. पीएचपी या वेबसाइटसाठीच्या भाषेचा हत्ती १९९८ चा. व्हिन्सेंट पाँतिये यांना पी-एच-पी ही अक्षरं बाजूने बघताना हत्ती दिसला. आजही त्याच्या अंगावर ती तीन अक्षरं असतात आणि कापडी हत्ती जमवणारे लोक आहेत. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचा खेकडा फेरिस हा ‘रस्टेशियन’ या शब्दखेळातून आला, कारण कवचधारी प्राण्यांना इंग्रजीत क्रस्टेशियन म्हणतात. पायथनचं नाव ब्रिटिश विनोदी मंडळींवरून घेतलेलं असलं तरी लोगोत दोन साप आले, कारण शब्दच सापाचा आहे. डेटा हाताळणारी पांडाज लायब्ररी याच्या उलट: नाव ‘पॅनल डेटा’वरून आलेलं, आणि लोगोत पांडा नाहीच, नुसते उभे पट्टे.

तंत्राच्या गुणावरून आलेले प्राणी कमी आहेत, पण अभ्यासायला सगळ्यात चांगले तेच. डॉकर प्रोग्रामना ‘कंटेनर’ नावाच्या बंद खोक्यांत भरून चालवतं; त्याचा देवमासा पाठीवर तसेच कंटेनर रचून चालला आहे. सॉफ्टवेअर काय करतं ते चित्रातच दिसतं, समजावून सांगावं लागत नाही. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचा पफी हा फुगणारा काटेरी मासा २००० मध्ये २.७ आवृत्तीसोबत आला. त्याचा धागा ब्लोफिशकडे जातो. ब्लोफिश हा ब्रूस श्नायर यांनी १९९३ मध्ये मांडलेला सायफर, म्हणजे माहिती गुप्त करायची पद्धत. ओपनबीएसडीतली पासवर्ड जपणारी बीक्रिप्ट पद्धत त्याच्यावरच उभी आहे. डिवचलं की फुगून काटे उभारणारा मासा सुरक्षेवर भर देणाऱ्या प्रणालीला अगदी शोभतो. आता पुढचा भाग बघा: ब्लोफिशचा ब्लॉक (एका वेळी गुप्त करायचा तुकडा) ६४ बिटांचा, आजच्या मानाने तोकडा. २०१७ मध्ये ७.६ आवृत्तीत ओपनएसएसएच या दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या प्रोग्रामने तो सायफर काढून टाकला. मासा जागेवरच आहे. म्हणून प्राण्याचा अर्थ एकाच अल्गोरिदमशी घट्ट बांधू नये. अल्गोरिदम दहा-वीस वर्षांत मागे पडतो आणि चित्र मात्र मागे उरतं. पफी टिकला, कारण त्याचा स्वभाव प्रकल्पाच्या भूमिकेशी जुळतो.

बीएसडी या युनिक्स घराण्यातल्या प्रणालींचा बीस्टी हा काटेकोरपणे प्राणी नाही, पण त्याला वगळून हा विषय पुरा होत नाही. पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रक्रियेला डेमन म्हणतात, म्हणून शिंगं असलेला छोटा डेमन. हातातला त्रिशूळ म्हणजे फोर्क, एका प्रक्रियेतून दुसरी काढणारी सिस्टम कॉल. पायात कॅनव्हासचे बूट. प्रसिद्ध आवृत्ती जॉन लॅसेटर यांनी काढली आणि कॉपीराइट मार्शल कर्क मॅकुसिक यांच्याकडे आहे. चित्र देखणं आहे, पण लोगो म्हणून अवघड. छोट्या आकारात बुटांचा आणि त्रिशुळाचा चिखल होतो, एका रंगात छापता येत नाही, आणि ज्यांना संदर्भ माहीत नाही त्यांना तो सैतान वाटतो. २००५ मध्ये फ्रीबीएसडीने स्पर्धा घेऊन शिंगं असलेला गोल चेंडू लोगो म्हणून स्वीकारला आणि बीस्टीला मॅस्कॉट, म्हणजे प्रकल्पाचं लाडकं पात्र, म्हणून ठेवलं. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. लोगो आणि मॅस्कॉट ही दोन वेगळी कामं आहेत. लोगो एकसारखा राहावा लागतो, तर मॅस्कॉटला कपडे बदलता आले पाहिजेत, हसता-रडता आलं पाहिजे. गो भाषेनेही तसंच केलं. २०१८ पासून लोगो म्हणजे वेगाच्या रेषा असलेली दोन अक्षरं, आणि रेने फ्रेंच यांचा निळा गोफर मॅस्कॉट.

पुस्तकांच्या मुखपृष्ठांचा वाटा लोक विसरतात. ओरायली प्रकाशनाच्या तांत्रिक पुस्तकांवर जुन्या कोरीव चित्रांतले प्राणी घालायची कल्पना ईडी फ्रीडमन यांची, १९८० च्या दशकातली. पर्ल या प्रोग्रामिंग भाषेवरच्या १९९१ च्या पुस्तकावर उंट आला आणि पर्ल म्हणजे उंट हे समीकरण पक्कं झालं. पण त्या उंटाचा ट्रेडमार्क प्रकाशकाकडे. बिगर-व्यावसायिक वापराला ते अटींवर परवानगी देतात, तरीही भाषेच्या समुदायाला स्वतःचं चिन्ह म्हणून उंट मोकळेपणाने वापरता येईना. पर्ल फाउंडेशनने कांदा घेतला. पर्ल ६, म्हणजे आजची राकू, हिच्यासाठी पर्लचे निर्माते लॅरी वॉल यांनी कॅमेलिया हे फुलपाखरू आणलं. टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरची गोष्ट याच मुखपृष्ठांशी जोडलेली आहे. त्याचे मूळ लेखक जेम्स डंकन डेव्हिडसन यांना वाटलं, पुढेमागे याच्यावर पुस्तक निघेल आणि मुखपृष्ठावर प्राणी असेल, तर नाव प्राण्याचंच असू दे. शिवाय बोका स्वतःची काळजी स्वतः घेतो. २००३ मध्ये पुस्तक निघालं, तर मुखपृष्ठावर हिमबिबट्या!

आवडीचा रस्ता सगळ्यात सोपा. प्रचंड डेटा हाताळणारं हडूप हे त्याचे एक जनक डग कटिंग यांच्या मुलाच्या पिवळ्या खेळण्यातल्या हत्तीचं नाव. त्याच्याभोवती पुढे आख्खं प्राणिसंग्रहालय उभं राहिलं: हाइव्हच्या लोगोत हत्तीचं डोकं आणि मधमाशीचं अंग, पिग नावाचा प्रकल्प, हत्तीवर बसणारा माहूत, आणि या सगळ्यांना सांभाळायला झूकीपर. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या डॉल्फिनचं नाव साकिला. हे नाव स्पर्धेतून आलं, सुचवणारे अँब्रोस ट्वेबाझे हे तेव्हाच्या स्वाझीलँडचे. डॉल्फिनचा ट्रेडमार्क कंपनीकडे असल्याने २००९ मध्ये फोर्क करणाऱ्यांना (कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प काढणाऱ्यांना) तो सोबत नेता आला नाही. कोड नेला, प्राणी मागे राहिला. त्या नव्या प्रकल्पाने, मारियाडीबीने, सी लायन घेतला.

या विषयातला कळीचा धडा इथेच आहे: ओपन सोर्स परवाना कोडला असतो, प्राण्याला तो आपोआप लागू होत नाही. फायरफॉक्सचं उदाहरण बघा. आधी फिनिक्स, मग फायरबर्ड, आणि दोन्ही नावं दुसऱ्यांच्या वापरात असल्यामुळे फेब्रुवारी २००४ मध्ये फायरफॉक्स. नाव लाल पांडाचं, चित्र मात्र कोल्ह्याचं, कारण लाल पांडा फारसा कोणाला ओळखू येत नाही. पुढे डेबियन या लिनक्स डिस्ट्रिब्युशनने (कर्नल आणि बाकीचं सॉफ्टवेअर एकत्र बांधून देणाऱ्या संचाने) सांगितलं की लोगोचा परवाना आमच्या मुक्ततेच्या निकषात बसत नाही, म्हणून आम्ही कोड घेऊ, लोगो घेणार नाही. मोझिलाचं म्हणणं पडलं की लोगो नसेल तर नावही वापरू नका. मग २००६ ते २०१६ डेबियनवर तोच ब्राउझर आइसवीझल या नावाने मिळायचा. नेटवर्कवरची वाहतूक तपासणारा वायरशार्कही असाच घडला. आधीचं नाव इथिरियल. मूळ लेखकाने नोकरी बदलली तेव्हा ट्रेडमार्क जुन्या कंपनीकडे राहिला, म्हणून २००६ मध्ये नाव बदललं आणि शार्कचा पंख आला.

दुसऱ्या टोकाला फेरिस आहे. कॅरेन रस्टाड टोल्वा यांनी तो क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-झिरोखाली सोडला, म्हणजे जवळजवळ सार्वजनिक मालकीत. दातेरी चक्रातलं आर हे अधिकृत चिन्ह मात्र रस्ट फाउंडेशनचा ट्रेडमार्क. २०२३ मध्ये फाउंडेशनच्या ट्रेडमार्क धोरणाच्या मसुद्यावरून समुदाय चिडला तेव्हाही खेकड्याला कोणी हात लावू शकत नव्हतं. गोफर सीसी बाय परवान्यात आहे: वापरा, बदला, फ्रेंच यांचं नाव द्या. इथे एक सापळा लक्षात ठेवा. गोफरवरून इतरांनी काढलेल्या काही लोकप्रिय चित्रसंचांना बिगर-व्यावसायिक वापराची अट आहे. मूळ गोफर मोकळा आहे म्हणून नेटवर सापडलेला प्रत्येक गोफर विकाऊ टी-शर्टवर चालेल असं नाही. नेमक्या त्या फाइलचा परवाना बघा.

आता स्वतःचा प्राणी निवडणं. पहिलं काम शोधाचं. प्राण्याचं नाव आणि प्रकल्पाचं नाव पॅकेज रजिस्ट्रींमध्ये (प्रोग्रामर तयार कोड जिथून उतरवतात त्या भांडारांत) शोधा. ट्रेडमार्कच्या सार्वजनिक नोंदींमध्ये वर्ग ९ आणि वर्ग ४२ तपासा; सॉफ्टवेअर आणि सॉफ्टवेअर सेवा त्यात येतात. हत्ती टाळा, असा माझा स्पष्ट सल्ला. पीएचपी, पोस्टग्रेसक्यूएल, हडूप, ग्रेडल सगळीकडे हत्तीच आहे, आणि मॅस्टोडॉन त्याचाच नातेवाईक. पोस्टग्रेसक्यूएल डेटाबेसच्या स्लोनिक या निळ्या हत्तीचं चित्र तर नोंदलेल्या चिन्हांत मोडतं. डेटाबेसशी संबंधित प्रकल्पाला निळा हत्ती लावाल तर पत्र येईल. त्याचबरोबर प्राण्याचे अर्थ प्रदेशागणिक बदलतात. घुबड कुठे विद्वान असतं, कुठे अपशकुनी. डुकराबद्दल काही समाजांत तीव्र भावना असतात. चार वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना कच्चं चित्र दाखवून ‘हे बघून काय वाटतं’ एवढाच प्रश्न विचारा, बाकी काही सांगू नका.

चित्राची परीक्षा लहान आकारात होते. पूर्ण आकृती सपाट काळ्या रंगाने भरा. नुसत्या बाह्यरेषेवरून प्राणी ओळखू आला पाहिजे. मग १६ बाय १६ पिक्सेलवर आणा. इथे मिशा, बोटं, खवले सगळं जातं, उरतात ते कान, चोच, शेपूट असे एक-दोन ठळक अवयव. तेवढ्यावर ओळख पटत नसेल तर लहान आकारासाठी फक्त डोकं असलेली वेगळी आवृत्ती काढा. मोठं चित्र आकसून चालत नाही. रंग तीन-चार पुरेत. पार्श्वभूमीची चूक तर नेहमीचीच: पांढरं पोट पांढऱ्या पानावर नाहीसं होतं आणि काळी पाठ डार्क थीमवर. काळ्या टर्मिनलवर टक्सची बहुतेक चित्रं याच कारणाने नुसती चोच, पोट आणि पिवळे पाय अशी तरंगताना दिसतात. उपाय म्हणजे आकृतीभोवती दोन-तीन पिक्सेलची फिकट कड, किंवा दोन वेगळ्या फाइली.

मर्यादेत बसवलेल्या चित्राचा नमुना म्हणून कर्नलचा बूट लोगो उघडून बघा. ८० बाय ८० पिक्सेल, २२४ रंग, साध्या मजकुराच्या पीपीएम फाइलमध्ये. २५६ रंगांच्या तक्त्यातले ३२ कन्सोल (मजकूर दाखवणारा पडदा) वगैरेसाठी सोडून हे २२४ उरतात. चित्रही दाखवू शकणाऱ्या फ्रेमबफर कन्सोलवर जितके प्रोसेसर कोर तितके टक्स एका ओळीत उभे राहतात, म्हणजे चित्र माहितीही देतं. ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या प्रोग्राममधलं सुझान हे माकडाचं डोकंही असंच कामाचं. ते मेनूतून थेट दृश्यात आणता येतं आणि मटेरियल किंवा प्रकाशयोजना तपासायला रोज वापरलं जातं. मॅस्कॉटला सॉफ्टवेअरमध्ये एखादं खरं काम देता आलं तर जरूर द्या.

मूळ फाइल एसव्हीजी (रेषांचं वर्णन साठवणारा, हवा तेवढा मोठा करता येणारा चित्रप्रकार) असावी, थर आणि नावं शाबूत ठेवून. वाटपाच्या प्रतीत अक्षरांचं पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, रूपांतर करा, नाहीतर समोरच्याकडे फॉन्ट नसला की नाव विस्कटतं. बाह्यरेषांचेही पाथ करा, म्हणजे आकार बदलताना जाडी बिघडत नाही. ब्लरसारखे फिल्टर टाळा. प्रत्येक रेंडरर (चित्र पडद्यावर उतरवणारा प्रोग्राम) ते वेगळे दाखवतो. व्ह्यूबॉक्स (चित्राची चौकट सांगणारी नोंद) द्यायला विसरलात तर चित्र कापलं जातं. सोबत ५१२ पिक्सेलची पारदर्शक पीएनजी, फॅविकॉन (ब्राउझरच्या टॅबवरचं छोटं चिन्ह) आणि एकरंगी आवृत्ती ठेवा.

कागदपत्रं पहिल्याच दिवशी करा. चित्रकाराकडून लेखी घ्या की चित्र त्यांचं स्वतःचं आहे आणि ते अमुक परवान्याखाली देत आहेत. रिपॉझिटरीच्या (प्रकल्पाच्या फाइलींच्या साठ्याच्या) मुळाशी एमआयटी किंवा जीपीएल परवान्याची फाइल आहे म्हणून चित्रही त्यात आलं असं गृहीत धरू नका, कारण पुढे कोणीही ‘ते फक्त कोडला होतं’ असं म्हणू शकतो. परवाने नोंदवायच्या रीयूज पद्धतीप्रमाणे प्रत्येक चित्राशेजारी त्याच नावाची, शेवटी ‘डॉट लायसन्स’ जोडलेली छोटी मजकूर फाइल ठेवा. तिच्यात दोन ओळी: कॉपीराइट कोणाचा, आणि परवान्याचा एसपीडीएक्स संकेत (परवान्याचं ठरलेलं छोटं नाव). परवाना सीसी-झिरो, सीसी बाय ४.० किंवा सीसी बाय-एसए ४.० (बदललेलं चित्रही त्याच परवान्यात द्यायची अट असलेला) घ्या. ‘व्यापारी वापर नाही’ किंवा ‘बदल नको’ अशी अट असलेले परवाने घेऊ नका. डेबियनसारखी डिस्ट्रिब्युशन्स तसलं चित्र मुख्य भांडारात घेत नाहीत, आणि मग पॅकेज करणारा तुमचा प्राणी काढून टाकतो.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे हे परवाने ट्रेडमार्कचे हक्क देत नाहीत, त्यामुळे चित्र मोकळं ठेवूनही नावाची फसवणूक रोखता येते. त्यासाठी एक पानभर धोरण पुरे. काय न विचारता चालेल ते आधी लिहा: स्टिकर, व्याख्यानाच्या स्लाइड, संमेलनाचे टी-शर्ट, प्राण्याची नवी रूपं. मग काय चालणार नाही ते: बदललेल्या सॉफ्टवेअरला अधिकृत म्हणून विकणं, किंवा कंपनीच्या नावात प्रकल्पाचं नाव घालणं. क्रम महत्त्वाचा आहे, कारण धोरण बंदीने सुरू झालं की लोक चित्र काढायचंच सोडतात.

विकतच्या चित्रसंग्रहातून प्राणी घेऊ नका. तिथले सर्वसाधारण परवाने लोगो म्हणून वापर करू देत नाहीत. कोड ठेवायच्या गिटहब या साइटचा ऑक्टोकॅट (मांजर आणि ऑक्टोपस यांचं मिश्रण) मूळचा सायमन ऑक्सली यांचं अशाच संग्रहातलं चित्र. लोगोसारखा वापर करायचा तर कंपनीला त्याचे सगळे हक्क वेगळे विकत घ्यावे लागले, आणि ते छोट्या प्रकल्पाच्या आवाक्यातलं नसतं. यंत्राने तयार केलेल्या चित्राचीही अडचण आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला माणसाची निर्मिती लागते, त्यामुळे केवळ सूचना देऊन मिळवलेल्या चित्रावर तुमचा हक्क उरेलच असं नाही, आणि हक्क नसेल तर परवानाही देता येत नाही. हाताने नव्याने रेखाटून घ्या.

जुना प्रकल्प असेल, प्राणी रूढ झाला असेल आणि चित्रकार सापडत नसेल, तर आधी रिपॉझिटरीचा इतिहास आणि मेलिंग लिस्टचं संग्रहण चाळा. पुष्कळदा परवानगीची ओळ तिथे एखाद्या संदेशात मिळते. तिची प्रत चित्राशेजारी ठेवा. नाहीच मिळाली, तर त्याच जातीचा प्राणी, पण वेगळी ठेवण आणि वेगळी बाह्यरेषा, असं नवं चित्र काढून घ्या. जुन्यावरून गिरवू नका, कारण गिरवलेलं चित्र व्युत्पन्न कृती ठरतं. पेंग्विन किंवा खेकडा या कल्पनेवर कोणाचा कॉपीराइट नसतो, रेखाटनावर असतो. बदल एका मोठ्या आवृत्तीसोबत करा, जुनी फाइल त्याच पत्त्यावर ठेवून नव्या चित्राकडे वळवा, आणि डिस्ट्रिब्युशनच्या पॅकेजकर्त्यांना आवृत्ती निघायच्या आधी कळवा. त्यांच्या पॅकेजमध्ये जुन्या आयकॉनचे मार्ग लिहिलेले असतात आणि फाइल सापडली नाही तर बिल्ड, म्हणजे पॅकेज तयार होण्याची प्रक्रिया, मोडतो.